मणक्यात बसवतात ते रॉड-स्क्रू कोणी शोधले? नंतर काढावे लागतात का?

रावेरला केळीचे घड वाहून कंबर गेलेल्या वडिलांना ऑपरेशन सांगितलंय, म्हणून विचारताय. सहसा काढत नाहीत.

सुरुवात अमेरिकेतल्या ह्यूस्टनची. पोलिओमुळे मुलांचा कणा वाकायचा. तो ताणून धरायला तिथले सर्जन पॉल हॅरिंग्टन यांनी १९५० च्या दशकात हुकांची स्टीलची दांडी बनवली. पण हुक निसटायचे, दांड्या मोडायच्या. मग लक्षात आलं, धातू फक्त टेकू. खरी मजबुती मणके एकमेकांना जुळून येतात तेव्हाच. म्हणून सोबत हाडाचे तुकडेही भरतात. मणक्यात मागून थेट शिरणारे स्क्रू फ्रान्सचे सर्जन रॉय-कॅमिल यांनी १९६० च्या दशकापासून रुळवले. आता रॉड-स्क्रू बहुतेक टायटॅनियम धातूचे.

हाड जुळलंच नाही, तर आजचाही रॉड ताण सोसून तुटू शकतो. वडील बिडी ओढत असतील तर आधी ती सोडवा, जुळण्यात तीच आडवी येते.