गेममध्ये स्क्रीन काळी होते, ड्रायव्हर बदलूनही फरक नाही: तपास कुठून सुरू करायचा

तुमची माहिती एकत्र मांडतो: घर गिरगावात, प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस. गेम सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं झाली की स्क्रीन काळी होते, चार-पाच सेकंदांनी डेस्कटॉप परत येतो आणि गेम बंद पडलेला असतो. जूनपासून हा त्रास आहे आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तीनदा बदलून झालाय. चौथ्यांदा बदलण्याआधी थांबा.

विंडोज कार्डाला काम देतं आणि उत्तराची वाट बघतं. मूळ सेटिंगमध्ये ही मुदत २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्डाकडून हालचाल झाली नाही, तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा चालू करतं. तीच तुमची काळी स्क्रीन. त्यानंतरच्या विंडोजच्या निरोपात ड्रायव्हरचं नाव येतं म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात, पण कार्ड गप्प का झालं हे त्यात लिहिलेलं नसतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन ही मुदत ८ किंवा १० सेकंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममधल्या जड रेंडरला त्याचा उपयोग होतो. गेमसाठी मात्र तेवढा वेळ स्क्रीन गोठून राहील, बाकी काही बदलणार नाही. तो नाद सोडा.

आधी नोंद बघा. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये क्रॅशच्या वेळेवर जा. डिस्प्लेची ४१०१ किंवा ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ या एनव्हिडिया ड्रायव्हरच्या नावाची १५३ क्रमांकाची नोंद दिसली, तर वर सांगितलेलाच प्रकार. कर्नल-पॉवर ४१ असेल तर मशीन अचानक बंद झालं होतं. तिथे संशय वीज, यूपीएस किंवा पॉवर सप्लायवर. ‘व्हिया लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी असतील तर प्रोसेसर, रॅम, स्लॉट यांच्याकडे वळा. तुमचं मशीन बंद न होता डेस्कटॉपवर परत येतंय, म्हणून ६०० व्हीएच्या यूपीएसवर तूर्त संशय नको. ५५० वॉटही पुरे आहेत: कार्ड १७०, प्रोसेसर ६५, बाकी सगळं धरून ३०० च्या आसपास.

ड्रायव्हर तीनदा बदलला म्हणजे जुन्यावर नवा चढवला असेल, तर ते बदलणं धरू नका. एकदाच नीट करा. नवा ड्रायव्हर आणि जुना मुळापासून काढणारा डीडीयू हा प्रोग्रॅम आधी उतरवून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मोबाईलमध्ये लिहून घ्या, सेफ मोडला जाताना मागू शकतं. मग नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं आणि केलेली मेहनत फुकट जाते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग सेफ मोडसाठी ४. डीडीयूने साफ करून रीस्टार्ट, नवा ड्रायव्हर, आणि नेट सगळ्यात शेवटी.

यानेही थांबलं नाही, तर माझा पहिला संशय कार्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर. जूनचा पावसाळा आणि समुद्राजवळचं घर, हे दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. खारट दमट हवेत पट्टीवर आणि स्लॉटमध्ये पातळ थर बसतो. कार्ड गरम झालं की धातू किंचित फुगतो, संपर्क तेवढ्यापुरता तुटतो. वीस मिनिटांनंतरच बिघडतं त्याचा मेळ याच्याशी बसतो. भिंतीचा स्विच बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. एसी बंद करून अर्ध्या तासाने कॅबिनेट उघडा, कारण गार भागावर दमट हवा लागली की दव धरतं. स्क्रू काढा, स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर उचला. पट्टी उजेडात तिरकी धरा: निरोगी पट्टी एकसारखी पिवळी चमकते, थर असेल तिथे मळकट डाग किंवा हिरवट ठिपका दिसतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने लांबीच्या दिशेने अलगद पुसा, कण झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून दहा मिनिटं वाळू द्या. स्लॉटमध्ये काहीही खुपसू नका, ब्लोअरची हवा पुरे. बसवताना खिट्टीचा ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे. आठ पिनचा कनेक्टरही बघून घ्या, एखादी पिन तपकिरी झाली असेल तर ती केबल पुन्हा लावू नका. आणि दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल या सप्लायला कधीच लावू नका. खोबण सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, कार्ड जळू शकतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या चाळींत हे बरंच आढळतं. हे काम वायरमनचंच. तोवर मशीन वापरू नका.

यापुढे एका वेळी एकच बदल करा आणि दोन संध्याकाळी खेळून बघा. दोन बदल एकत्र केले तर गुण कशाचा ते कळत नाही. आधी आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक ५० मेगाहर्ट्झने, मग १०० ने कमी करा. त्याने थांबलं तर कंपनीने दिलेला वाढीव क्लॉक तुमच्या कार्डाला झेपत नाही. फरक नसेल तर क्लॉक पूर्ववत करून बायोसमधून एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करा. तेवढ्याने थांबलं तर दोष रॅमकडे, रात्रभर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास चालवा. एकही चूक आली तरी रॅम नापास. कार्ड थेट स्लॉटमध्ये न बसवता रायझर केबलने जोडलं असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ३ वर ठेवा, ३०६० ला फरक जाणवणार नाही.

इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असलेल्यांसाठी: ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप देऊन गेम पडत असेल तर दोष बहुधा प्रोसेसरचा असतो. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरची आतली दुरुस्ती) दिला, तो बायोसमधून येतो, म्हणून आधी बायोस अद्ययावत करा. मात्र प्रोसेसर आधीच खराब झाला असेल तर बायोसने सुधारत नाही. बॉक्समध्ये घेतलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने २ वर्षांनी वाढवून ५ केली आहे, बदलून मागा.

एवढं करूनही अडलं तर कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, वरून प्लॅस्टिक गुंडाळून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात न्या आणि दुकानदाराच्या मशीनवर तासभर तुमचाच गेम चालवून मागा. अर्ध्या तासावर उठू नका, तुमचा दोष वीस मिनिटांनंतरचा आहे. तिथेही पडलं तर वॉरंटीत द्या. त्याआधी थर्मल पेस्टसाठी कार्ड उघडू नका. तिथे चाललं तर उरतात तुमचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड. गेम चालू असताना सप्लायच्या मोलेक्स या चार पिनच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली जात असेल तर सप्लाय बदला.

सिस्टीम लॉगमधल्या क्रॅशच्या आधीच्या दोन मिनिटांच्या नोंदी इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.