परदेशातली अनाथ मुलं दत्तक घेणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा हेतू धर्मांतराचा असतो का?

टेक्सासमध्ये तुमच्या मुलाच्या शेजारी एक चर्चला जाणारं कुटुंब राहतं. घरात स्वतःची चार मुलं असताना त्यांनी कोलंबियातून दोन भावंडं दत्तक आणली. ही माणसं असं का करतात आणि यामागे धर्म वाढवायचा हेतू असतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. निवृत्त होईपर्यंत तेवीस वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत समाजसेविका होते. परदेशी जाणाऱ्या मुलांचे चाइल्ड स्टडी रिपोर्ट, म्हणजे मुलाची सगळी माहिती, लिहायचे आणि तिकडून आलेले होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या घराच्या तपासणीचे अहवाल, वाचायचे, हे माझं रोजचं काम. अमेरिकेतून आलेल्या पुष्कळ फाइलींना पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, शिफारसपत्र जोडलेलं असायचं. या कुटुंबांशी मी बोलले आहे, त्यांची पत्रं वर्षानुवर्षं वाचली आहेत. मूल ख्रिस्ती करायला मिळावं म्हणून कुणी इतका खर्च, इतकी वर्षांची वाट आणि इतकी जागरणं सोसतं, असं मला कधी दिसलं नाही. तरी तुमचा संशय मी उडवून लावणार नाही, कारण श्रद्धेने केलेल्या या कामात मोठ्या चुका झाल्या आहेत.

आधी हे लोक येतात कुठून ते सांगते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या 27व्या ओवीत, अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं हे शुद्ध धर्माचरण म्हटलं आहे. दुसरं, पौलाच्या पत्रांत देवाने माणसाला लेकरू म्हणून स्वीकारलं यासाठी ‘दत्तकपण’ हाच शब्द आहे. लहानपणापासून दर रविवारी हे कानावर पडलेल्या माणसाला दत्तक मूल दुय्यम वाटत नाही. आपल्याकडे वंश, रक्त, ‘कुणाचं असेल कोण जाणे’ हे प्रश्न आधी येतात. त्यांच्याकडे ते येत नाहीत असं नाही, पण श्रद्धेमुळे ते मागे पडतात.

आमच्याकडे साडेचार वर्षांचा एक मुलगा होता, दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली. इथल्या चार जोडप्यांनी त्याची फाइल पाहून परत केली होती. त्यांना मी दोष देत नाही, प्रत्येकाची झेप वेगळी असते. शेवटी मिशिगनचं एक कुटुंब आलं. वडील गॅरेजमध्ये काम करणारे, दांडगे गृहस्थ. पहिल्या भेटीत त्यांनी स्वतःचे बूट काढले, फरशीवर बसले आणि त्या पोरामागे खोलीभर रांगत फिरले. पुढे त्याच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. भारतातून परदेशी जाणाऱ्या मुलांत अशा ‘स्पेशल नीड’ मुलांचा आणि वयाने मोठ्या मुलांचा भरणा असतो, कारण इथे त्यांना घर मिळणं अवघड जातं. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आज आपण पाहतो ते परदेशी दत्तकाचं रूप कोरियन युद्धातून आलं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या क्रेसवेल गावचे हॅरी होल्ट हे शेतकरी, बायको बर्था नर्स, घरात सहा मुलं. युद्धानंतर कोरियात राहिलेल्या मुलांवरचा, त्यातही अमेरिकन सैनिकांपासून कोरियन बायकांना झालेल्या मुलांवरचा एक माहितीपट त्यांनी चर्चच्या लोकांबरोबर पाहिला आणि आठ मुलं घरी आणायचं ठरवलं. कायद्याने एका कुटुंबाला दोनच आणता येत होती. 1955 साली अमेरिकन काँग्रेसने फक्त त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला आणि त्या ऑक्टोबरात होल्ट बारा मुलांना घेऊन पोर्टलंडला उतरले. आठ त्यांची, चार इतरांची. पाठोपाठ हजारो लोकांची पत्रं आली, त्यांनी संस्था काढली. 1964 साली हॅरी कोरियातच वारले. बर्था 2000 साली गेल्या, त्यांनाही कोरियातच, इल्सानला, नवऱ्याशेजारी पुरलं. या नवराबायकोच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

पण सुरुवातीच्या त्या वर्षांत होल्ट दत्तक घेणाऱ्यांकडून मुख्यतः एकच गोष्ट पाहत: माणसं खरी विश्वासणारी ख्रिस्ती आहेत ना. होम स्टडी जवळपास नसायचाच. आईबाप मुलाला न भेटता, मुखत्यारामार्फत कोरियातल्या कोर्टात दत्तक व्हायचं आणि मूल विमानाने यायचं. अमेरिकेतल्या समाजसेविका तेव्हाही ओरडून सांगत होत्या की घर तपासा, घाई नको. त्यांना कोरडे, देवावर भरवसा नसलेले लोक ठरवलं गेलं. माझ्या पेशातल्या त्या अनोळखी बायकांबद्दल मला फार जवळीक वाटते. भुकेलं मूल समोर असताना ‘थांबा, कागद बघू’ म्हणणारी बाई दुष्टच दिसते.

मग काय झालं? युद्ध संपलं, देश सावरला, तरी मुलं जातच राहिली. 1980च्या दशकात तर सर्वांत जास्त गेली. आजवर कोरियातून सुमारे 2 लाख मुलं परदेशी गेली. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने सरकारवरच ठपका ठेवला: आईवडील माहीत असलेल्या मुलांना अनाथ म्हणून नोंदवलं गेलं, कागद बदलले गेले, संमती नीट घेतली गेली नाही. ज्या मुलांना ‘तुझं कुणीच नव्हतं’ असं सांगून वाढवलं, त्यांच्या आया सोलमध्ये जिवंत होत्या.

‘अनाथ’ या शब्दापाशी मी अडते ती इथे. चर्चमधून ‘जगात 14 कोटी अनाथ आहेत’ हा आकडा फार वेळा सांगितला गेला. युनिसेफच्या 2015च्या त्या आकड्यात आई किंवा बाप, दोघांपैकी एकच गमावलेली मुलंही धरली आहेत. दोघंही गमावलेली मुलं होती 1 कोटी 51 लाख, आणि त्यातलीही बरीच आजीकडे, मावशीकडे, काकाकडे राहणारी. बाकीच्यांना आई किंवा बाप आहे. त्यांच्यापाशी नाही तो पैसा. 2010 साली हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या दहा जणांना 33 मुलं डोमिनिकन प्रजासत्ताकात नेताना सीमेवर पकडलं. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. चौकशीत बहुतेकांचे आईबाप निघाले. पोरं शाळेत जातील, पोटभर खातील म्हणून त्यांनीच ती हवाली केली होती. इथिओपियातून एकट्या 2010 साली सुमारे अडीच हजार मुलं अमेरिकेला गेली. तिथेही अशाच तक्रारी वाढत गेल्या आणि 2018 साली त्या देशाने परदेशी दत्तक बंदच केलं.

याकोबाच्या ओवीत दोन शब्द आहेत, अनाथ आणि विधवा. अनाथावर प्रवचनं झाली, नोव्हेंबरात ‘ऑर्फन संडे’, म्हणजे अनाथांसाठीचा रविवार, पाळला जाऊ लागला. विधवेचं काय झालं? ज्या बाईला तिच्या लेकराला वाढवता यावं म्हणून मदत करायची, तिचंच लेकरू आपण उचलून आणलं तर ती ओवी अर्धीच वाचली, असं मला एक ख्रिस्ती बाई म्हणून वाटतं. बायबलमधल्या मोशेची गोष्टही तेच सांगते. फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, मुलीने बाळ मोशेला नदीतून उचललं तेव्हा त्याची बहीण काठावर उभी होती आणि त्याला पाजायला बोलावली ती त्याची सख्खी आईच.

आपल्या जुन्या दत्तविधानात देणारे आईबाप समोर असायचे. नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळरावांना 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतलं, ते सयाजीराव झाले, पण ते कुणाचे पुत्र हे कुणापासून लपलं नाही. मांडीवर घेताना कुणाच्या मांडीवरून उचललं, हे उघड होतं.

आता धर्माचं. होय, ती मुलं त्या घरात ख्रिस्ती म्हणूनच वाढतील. कोणत्याही दत्तक घरात हेच होतं, आपल्या घरी आलेल्या मुलाची आपण मुंज करतो किंवा बारसं घालतो. काही प्रचारकांनी मात्र दत्तक म्हणजे सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, पसरवायचा मार्ग असं व्यासपीठावरून सांगितलं आहे. ते मला तेव्हाही खुपलं, आजही खुपतं. मूल कुणाच्या मोहिमेसाठी जन्मलेलं नसतं.

एक गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. अमेरिकन ख्रिस्ती आपली मुलं नेत होते तेव्हा भारतातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांना स्वतः दत्तक घ्यायची कायद्याने नीट सोयच नव्हती. 1956चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. आम्ही 1890च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक व्हायचो. माझ्या मावशीने वाढवलेली मुलगी सज्ञान झाली आणि कागदोपत्री मावशीचं तिच्याशी नातं उरलं नाही. तेव्हा मावशीने मृत्युपत्र केलं, दुसरा उपाय नव्हता. बाल न्याय कायद्याने, 2000 सालच्या आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी, हे बदललं.

नियम आता पुष्कळ घट्ट झाले आहेत. 1984 साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी देशातलं घर शोधा असं बजावलं, 1993 साली परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार झाला, भारताने तो 2003 साली मान्य केला. आज परदेशी दत्तकाचं सगळं ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेमार्फतच चालतं. मूल सोपवणाऱ्या आईला विचार बदलायला 60 दिवस मिळतात. सापडलेल्या मुलाचे नातेवाईक शोधून झाल्यावरच बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवते. अमेरिकेत 2004 साली जवळजवळ 23 हजार मुलं परदेशातून आली होती, 2023 साली 1,275. कोलंबियातून आज जातात ती बहुतेक मोठी मुलं आणि ताटातूट होऊ नये म्हणून एकत्र दिलेली भावंडं. त्यामुळे तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यांकडे संशयाने पाहू नका. ओळख वाढली की त्या मुलांची मूळ नावं विचारा, स्पॅनिश टिकवताय का विचारा. या प्रश्नांचा चांगल्या दत्तक आईबापांना राग येत नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सत्तावीस वर्षांची एक मुलगी रूट सर्चसाठी, म्हणजे आपलं मूळ शोधायला, आमच्याकडे आली होती, सोबत तिची अमेरिकन आई. आई पक्की चर्चवाली, हातात घरचं जुनं बायबल. फाइलीत सरेंडर डीड, म्हणजे आईने मूल संस्थेकडे सोपवल्याचा कागद, होतं, त्यावर एक अंगठा. जन्मदात्रीचा पत्ता तिच्या संमतीशिवाय देता येत नाही आणि ती सापडलीही नाही. मुलीने एवढंच विचारलं, ‘तिने मला पाजलं होतं का?’ जुनं आवक रजिस्टर काढलं. माझ्या आधीच्या एका बाईंनी शाईने लिहून ठेवलं होतं: आई अकरा दिवस संस्थेत राहिली, बाळाला अंगावर पाजत होती.

मी ते इंग्रजीत सांगितलं. अमेरिकन आईने बायबल उघडलं. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले होते, या मुलीच्या नावापुढे जन्माच्या जागी दोन ओळी कोऱ्या. तिने माझ्याकडे पेन मागितलं आणि ते अकरा दिवस तिथे लिहून घेतले.