बर्फाखालच्या खोल पाण्यासाठी रॉड-रील: आधी दोरी ठरवा

तुमचा प्रश्न असा: जानेवारीत मुलाकडे टोरांटोला जाताय, तो तुम्हाला तिथल्या लेक सिमको या गोठलेल्या सरोवरावर बर्फाला भोक पाडून लेक ट्राउट (थंड, खोल पाण्यातला मासा) धरायला नेणार आहे, पाणी 80 ते 100 फूट. मुळशीला वापरता तो 7 फुटी रॉड आणि 4000 चा रील (हा आकड्यातला आकार, आकडा मोठा तसा रील मोठा) बरोबर न्यावा का?

मी बॅरीत, म्हणजे सिमकोच्या अगदी काठावर, चार हिवाळे काढून पुण्याला परत आलोय. तिथे केलेल्या चुकांच्या जोरावर सांगतो. रॉड घरीच ठेवा. रीलचं पुढे बोलू. त्याआधी दोरी.

मुळशीला आपण तंगूस, म्हणजे ताणली जाणारी एकपदरी नायलॉनची दोरी, वापरतो आणि ते चालतं, कारण हातात 7 फुटी रॉड असतो. रॉडला लावलेली घंटी वाजली की उभं राहून रॉड खांद्यामागे नेला की तंगूसाचा ताण निघून गळ रुततो. बर्फावर तुम्ही बादलीवर बसलेले, भोक दोन पायांच्या मध्ये, रॉड जेमतेम 3 फुटी. हात कितीही वर नेला तरी टोक 4-5 फूट हलणार. तेवढं सगळं 90 फूट तंगूस ताणण्यातच जातं, खाली माशाला पत्ताही लागत नाही. खोटं वाटत असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघा: तंगूसाचं टोक फाटकाला बांधा, 30 मीटर मागे जा आणि मनगटाने झटका द्या. मग तेच ब्रेड (braid, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, जवळजवळ न ताणणारी दोरी) लावून करा. ब्रेडला फाटक लगेच वाजेल. वॉचमन काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा.

म्हणून 10 ते 15 पौंडी ब्रेड. तिचे दोष आहेत. ती पाणी धरते, ते पाणी रॉडवरच्या, दोरी ओवायच्या रिंगांत गोठतं, आणि स्वच्छ पाण्यात ती दिसते. टोकाला छोटा स्विवेल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) आणि त्यापुढे अडीच फूट 10 पौंडी फ्लुओरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारी दोरी, लावा. त्याहून लांब लावलंत तर मासा भोकाशी येईतो स्विवेल रॉडच्या टोकाच्या रिंगेत अडकतो. माझा एक चांगला मासा असाच, डोकं भोकात आलेलं असताना, गेला. स्विवेल मात्र गाळू नका. सरळ खाली सोडलेला स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) गरगर फिरतो आणि दोरीला पीळ बसतो.

आता रील. पीळ नको म्हणून बर्फावर बरेच जण इनलाइन रील (ज्यात दोरी चाकावर सरळ गुंडाळली जाते) वापरतात, आणि उथळ पाण्यात ते बरोबरच आहे. पण खोल पाण्यात मला ते मंद वाटलं. लेक ट्राउट आमिषाच्या मागे वर धावतो. भराभर गुंडाळत राहिलं तर तो चिडून धरतो, थांबलात तर वळतो. आणि गळाला लागल्यावरही तो कधी कधी तुमच्याच दिशेने वर येतो, तेव्हा दोरी ढिली पडली की संपलं. 2500 चा स्पिनिंग रील (ज्यात दोरी स्थिर फिरकीवर गुंडाळली जाते) हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 30 इंच दोरी घेतो, म्हणजे 90 फुटांना 36 फेरे. मला तेवढे पुरतात. तुमचा 4000 चालेल, पण 3 फुटी रॉडला तो जड होतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं.

यातला जो नेणार असाल तो आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरचा फ्रीजर उणे 18 च्या आसपास असतो, म्हणजे सिमकोवरची वाईट सकाळ समजा. मी हे न करता गेलो होतो. पहिल्याच दिवशी आतलं ग्रीस इतकं घट्ट झालं की हँडल फिरवणं म्हणजे गुळाच्या ढेपेत चमचा फिरवणं. ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक, तर गोठून बसलाच होता. मासा लागला, दोरी सुटलीच नाही, तुटली. तेव्हा रील उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसा आणि पातळ तेलाचे दोन-तीन थेंब द्या. (आमच्या घरी मटाराच्या पिशवीशेजारी रील दिसल्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.) तिथे गेल्यावर रील ओल्या बर्फावर टेकवू नका. आत पाणी गेलं की सगळं गोठतं.

रॉड तिकडेच घ्या. 36 ते 42 इंची, मीडियम-हेवी, टोक नाजूक आणि कंबर भक्कम. तंबूत बसणार असाल तर 36 च्या वर जाऊ नका, छताला लागतो. रिंगा मोठ्या बघा, बारीक रिंगा पाच मिनिटांत बर्फाने बुजतात. ग्रॅफाइटला चाहूल चांगली लागते, पण थंडीत आपटलं की तडकतं. मी शेवटी ग्रॅफाइटवरच राहिलो. आमिष म्हणून अर्ध्या ते पाऊण औंसाचा स्पून किंवा पांढरा ट्यूब जिग (वजनाच्या गळावर चढवलेली मऊ रबरी नळी). कणकेचे गोळे विसरा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. लेक ट्राउट वर येताना पोटातली हवा बुडबुड्यांनी सोडतो, त्यामुळे सावकाश आणला तर परत सोडता येतो. त्याच सरोवरात सापडणाऱ्या पर्च या छोट्या माशाला ते जमत नाही. खोलातून काढलेला पर्च सोडलात तरी बहुधा जगत नाही, तेव्हा खायला हवे तेवढे झाले की जागा बदला.

परवाना आणि मोसमाच्या तारखा मुलाला तपासायला सांगा. चालायला किमान 4 इंच स्वच्छ, टणक बर्फ हवा; पांढरट, भुसभुशीत असेल तर त्याच्या दुप्पट.

फ्रीजरचा निकाल कळवा. हँडल जड गेलं तर रीलचा फोटो टाका, कुठला स्क्रू आधी काढायचा ते सांगतो.