नस, शीर की चेता? सोनोग्राफी नेमकी कशाची?

प्रश्न असा आलाय: वडिलांना सायटिका आहे, डॉक्टर म्हणाले नसेची सोनोग्राफी करून बघू, पण मामा म्हणतात नस म्हणजे रक्ताची, सायटिकात ती कशाला बघायची? आणि मराठीत बरोबर शब्द कुठला, नस, शीर, चेता का मज्जातंतू?

मामांचं चुकलेलं नाही बघा, फक्त डॉक्टर म्हणतात ती नस म्हणजे नर्व्ह, मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी. सलाईन लावायला शीर सापडत नाही म्हणतो ती रक्ताची, कमरेत शीर दबली म्हणतो ती नर्व्ह, आणि टाचेवरची धोंडशीर यातली एकही नाही, ती स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. रात्री पोटरीत नसेवर नस चढते ना, तेव्हा तर नुसता स्नायू आखडलेला असतो. शीर आलं संस्कृत सिरेवरून, म्हणजे रक्तवाहिनी, आणि नस आलं स्नसा वरून, म्हणजे ती दोरीच. घोळ मुळातच आहे.

पण हा अडाणीपणा नाही हां. ज्या ग्रीक शब्दावरून न्यूरो- आलं त्याचाही जुना अर्थ दोरी, धनुष्याची प्रत्यंचा, असाच होता, आणि आपला स्नायू त्याच्याच नात्यातला. गंमत म्हणजे बंगालीत स्नायू म्हटलं की नर्व्ह, आपल्याकडे मसल! आपल्या सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू घरात नरम म्हणतात, कन्नडवाले नर म्हणतात, तेही शिरेसारखंच सगळ्याला पुरतं.

शाळेच्या पुस्तकात चेता, चेतासंस्था आहे. नेमका शब्द, पण घरात कोणी म्हणत नाही. मज्जातंतू मला अर्धाच आवडतो, कारण मज्जा म्हटलं की हाडातली मज्जा आठवते. तंतू मात्र झकास, आणि का ते सोनोग्राफीतच दिसतं. नर्व्ह आडवी कापल्यासारखी बघितली की पडद्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसते, काळे काळे ठिपके आणि भोवती पांढऱ्या कडा, म्हणजे सुताची जाड लडी कापून टोकाकडून बघावी तशी. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवतात तो मशीनचा दांडा, फिरवून लांबीत बघितली की मागावरच्या ताण्यासारख्या शेजारी शेजारी रेघा. तंतू आणि ताणा दोन्ही एकाच तन् धातूचे, म्हणजे ताणणं, हे यंत्रमागाच्या गावात वेगळं सांगायला नको. रक्ताची नस मात्र आतून पोकळ, काळी, प्रोबने दाबली की चपटी होते. नर्व्ह तशी होत नाही. म्हणजे मशीनला घोळ नाही, घोळ शब्दात.

आता वडिलांचं. सायटिक नर्व्ह शरीरातली सगळ्यात जाड, कमरेच्या चौथ्या मणक्यापासून खालच्या मुळांची मिळून झालेली, ढुंगणातून मांडीमागून उतरते आणि बहुतेकांत गुडघ्याच्या जरा वर दुभंगते. सोनोग्राफीत ती ढुंगणापासून खाली दिसते, काही अभ्यासांत दुखऱ्या बाजूची जरा जाड भरली आहे. पण मणक्याच्या आत गादी सरकून मूळ दबलंय का ते तिथं दिसत नाही, हाड आवाज परतवतं, त्याला बहुधा एमआरआय लागतो. (आवाज म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरचा, पुस्तकी भाषेत श्राव्यातीत ध्वनी. सोनोग्राफी म्हणजे पोटातलं बाळ एवढंच डोक्यात बसलंय आपल्या.)

आणखी एक, "माझी सायटिका दबलीये" असं सर्रास ऐकू येतं. नर्व्ह ती सायटिक, दुखणं ते सायटिका, दुखणं कसं दबेल? आयुर्वेदातलं नाव गृध्रसी, गृध्र म्हणजे गिधाड, रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून म्हणे. चरकात कळ ढुंगणापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत उतरते असं क्रमानं दिलंय, नर्व्हचा रस्ताच की हा.

तर घरी शीर म्हणा, नस म्हणा, बिनधास्त. फक्त सेंटरवर अपॉइंटमेंट घेताना "पायाच्या नसेची सोनोग्राफी" म्हणू नका, तिथं त्याचा अर्थ रक्ताच्या नसांचं डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, असा होऊ शकतो. चिठ्ठी दाखवा आणि सरळ सायटिक नर्व्ह म्हणा.