शांतवनमामाचा दाखला

प्रिय एस्तेर,

रविवारी फोनवर तू विचारलंस आणि मी "कुकर लावलाय, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेला नव्हता. ते तुला कळलंच असेल.

तुझा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवते, म्हणजे मला वळसा घालता येणार नाही. तू म्हणालीस, "मम्मी, मी नऊ वर्षांची होते. दुकानदाराने चुकून पाच डॉलर जास्त दिले, तर भर पावसात तू मला परत घेऊन गेलीस. आपण ख्रिस्ती आहोत, आपण असं ठेवून घेत नाही, म्हणालीस. मग शांतवनमामा चौतीस वर्षं कागदावर हिंदू राहून पगार घेत होता, ते काय होतं?" आणि मग सुप्रीम कोर्टाचा तो नोव्हेंबर २०२४ चा निकाल तू मला पाठवलास, पुद्दुचेरीच्या बाईचा. चर्चला जाते, बाप्तिस्मा झालेला आहे आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागते, ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं कोर्टाने म्हटलेलं. मी तो दोनदा वाचला. रात्री झोप आली नाही.

पाच डॉलरची गोष्ट खरी आहे. तू मागच्या सीटवर रडत होतीस, वायपर चालू होते, आणि मला वाटत होतं की मी अण्णांसारखी वागतेय. तुझ्या आजोबांबद्दल तुला नाताळचे फोटो आणि त्यांची पांढरी टोपी एवढंच आठवत असेल. मला आठवतो त्यांचा खडू. मिशनच्या शाळेत ते मास्तर होते. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा चुकून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी तो परत नेऊन डब्यात टाकायचे. आम्ही पाटीवर चित्र काढायला तो मागायचो. "तो शाळेचा आहे," एवढंच म्हणायचे. ओरडायचे नाहीत. खडूच्या तुकड्यावरून मी जे शिकले, ते मी तुला पाच डॉलरवरून शिकवायला गेले.

आता त्याच अण्णांची दुसरी गोष्ट सांगते. ती मी तुला कधी सांगितली नाही.

१९७२ च्या जूनमध्ये दादाला, म्हणजे तुझ्या शांतवनमामाला, शाळेत घालायचं होतं. बहात्तरचा दुष्काळ आमच्या नेवासे तालुक्यात कसा होता ते आजी सांगायची तेव्हा तू मोबाइल बघत बसायचीस. मी तरी कुठे नीट ऐकलं; मी दोन वर्षांची होते. लोक खडी फोडायला गेलेले, खायला अमेरिकेची लाल ज्वारी, तिला मिलो म्हणायचे. मिशनच्या शाळेत पटावर मुलंच उरली नव्हती म्हणून पहिलीचा वर्ग भरलाच नाही, आणि अण्णांचा पगार महिनोन् महिने थकलेला. म्हणून दादा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला. तिथल्या गुरुजींनी नाव विचारलं. अण्णा म्हणाले, शांतवन. गुरुजींनी रजिस्टरात लिहिलं, शांताराम. धर्म विचारलाच नाही. आम्ही कुठे राहतो ते सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं, हिंदू महार.

आमच्या वहीतली प्रत्येक वेलांटी दुरुस्त करणारे अण्णा रजिस्टरातली ती ओळ वाचून गप्प घरी आले. आजी सांगायची, त्या रात्री ते जेवले नाहीत. पण परतही गेले नाहीत.

चार वर्षांनी मला मिशनच्या शाळेत घातलं, तेव्हा रजिस्टर अण्णांच्याच हातात होतं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: ख्रिस्ती. एका चुलीवर जेवणारी आम्ही दोन भावंडं, कागदावर दोन धर्मांची. दादाला शिष्यवृत्ती मिळायची. मला नाही. मोठी झाल्यावर मी एकदा रागाने विचारलं, माझंच का खरं लिहिलंत? ते म्हणाले, "तुझ्या वेळी पेन माझ्या हातात होतं." याचा अर्थ मी अजून लावतेय.

कायद्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी थोडं लिहिते. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलं की अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदूंमधल्या. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही नाहीत. कारण असं देतात की आमच्या धर्मात जात नाही. २०२२ साली सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, या प्रश्नाचा विचार करायला. अण्णा असते तर रोज पेपरात त्याची बातमी शोधत बसले असते.

१९९० हेच साल दादाच्या दाखल्याचं. आमच्या भिंतीला भिंत लागून बौद्ध कुटुंब होतं. त्यांचे आणि आमचे पणजोबा एकाच विहिरीपासून हाकलले गेले होते. आमचे मिशनऱ्यांकडे गेले, त्यांचे १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे गेले. राज्यात त्यांना सवलती आधीपासून होत्या, पण केंद्राच्या यादीत त्यांचा धर्म त्या साली बसला. त्यांच्या मुलाने मान वर करून "बौद्ध" लिहिलं. भिंतीच्या अलीकडे आम्ही कुजबुजत होतो.

कारण दादाला नोकरीचा कॉल आला होता, जातीचा दाखला हवा होता, आणि तालुक्याहून साहेब चौकशीला येणार होते. आदल्या दिवशी तलाठी सांगून गेला, "मास्तर, उद्या भिंत जरा मोकळी ठेवा." त्याला सगळं माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? दर रविवारी पेटी-तबल्यावर आमची भजनं अख्ख्या वस्तीला ऐकू जायची.

मी तेव्हा मिरजेहून सुट्टीवर आले होते, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा शाळेचा दाखला ख्रिस्ती, म्हणून मी घरात नसलेली बरी, असं ठरलं. आजीने भिंतीवरची येशूची तसबीर उतरवली, धाकट्या सलोमीमावशीच्या टॉवेलात गुंडाळली, शास्त्र, म्हणजे बायबल, आणि भजनाचं पुस्तक वर ठेवलं, आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. सकाळच्या एसटीने मी आत्याकडे गेले. खिडकीजवळची जागा मिळाली होती. तसबिरीची काच मांडीला लागत होती आणि सगळी एसटी माझ्या पिशवीकडे बघतेय असं मला वाटत होतं. वीस वर्षांची होते मी. आज तू एकोणीसची आहेस.

पुढचं मला आजीने सांगितलं. भिंतीवर तसबिरीच्या जागी चुन्याचा उजळ चौकोन दिसत होता, म्हणून तिने खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. साहेब आले. खाटेवर बसले. चार प्रश्न विचारले. आजीने तांब्या-भांडं पुढे केलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, नको, आत्ताच पाणी पिऊन निघालो. चहा नको. बिस्कीट नको. मे महिना, दुपारचे दोन वाजलेले, सायकल मारून आलेला माणूस.

एस्तेर, तो माणूस आम्ही खरंच महार आहोत का हे तपासायला आला होता. त्याने पाणी घेतलं नाही, तिथेच त्याची तपासणी पुरी झाली. दाखला मिळाला.

मी मामाची वकिली करतेय असं तुला वाटेल. अर्धी करतेयही. पण अर्धीच. कारण नोकरीच्या त्या यादीत दादाच्या मागे कुणीतरी असणार. त्याच्याही घरी थकलेला बाप असेल, आणि त्याचा दाखला सबंध खरा असेल. आमच्या भिंतीपलीकडचाच एखादा असेल. त्याचा चेहरा मला माहीत नाही, आणि मला वाटतं दादाने तो आयुष्यभर पाहिला असेल. आम्ही कुणी त्यावर बोललो नाही. रविवारी पापांगीकाराच्या, पापं कबूल करायच्या प्रार्थनेच्या वेळी सगळे माना खाली घालायचे, तेव्हा मी एका डोळ्याने दादाकडे बघायचे.

त्याने काय दिलं तेही सांगते. वस्तीत सगळ्यात गोड आवाज त्याचा. नोकरी लागल्यापासून तो भजनाला पुढे बसला नाही. मंडळीच्या कमिटीवर कधी आला नाही. त्याच्या लग्नाच्या पत्रिका दोन छापल्या, एक नातेवाइकांना, एक ऑफिसात. मुलाचा, यहोशवाचा, बाप्तिस्मा दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये केला, पेढे न वाटता. अण्णा गेले तेव्हा कबरस्तानात त्याचे ऑफिसातले दोघं आले होते. आम्ही गात होतो. मी शेजारी उभी होते. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बापाला माती देताना.

पेत्राने कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं, ही गोष्ट अण्णा दरवर्षी शुभ शुक्रवारच्या आधी सांगायचे. १९९० नंतर त्यांनी ती सांगितलेली मला आठवत नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते लिहिते. २००३ साली माझ्या अमेरिकेच्या परीक्षेची फी, कागदपत्रं, विमानाचं तिकीट, हे पैसे कुठून आले असं तुला वाटतं? तुझे पप्पा तेव्हा बेकार होते. दादाने फंडातून उचल घेतली. त्याच नोकरीच्या फंडातून. मी परत करते म्हटलं तर म्हणाला, "तुझ्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलंय ना, तू जा. तिथे तुला खरं सांगून राहता येईल." पाच डॉलर परत द्यायला आपण ज्या गाडीतून गेलो, ज्या घरातून निघालो, त्याच्या मुळाशी तो दाखला आहे. त्या पावसात मला हे आठवलंही नाही. तू विचारलंस तेव्हा आठवलं, म्हणून फोन ठेवला.

आणखी एक. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेने जातिभेदाविरुद्ध कायदा केला, अमेरिकेतलं पहिलं शहर म्हणून बातम्या आल्या. परिषदेच्या सदस्य क्षमा सावंत टीव्हीवर बोलत होत्या. तू विचारलंस, "मम्मी, आपली जात कुठली?" मी भाजी चिरता चिरता म्हणाले, "ख्रिस्तात जात नसते." तू मान डोलावलीस आणि वर गेलीस.

ते खरं होतं का? आमच्या देवळात प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा प्याला एकच असायचा. ब्राह्मणातून आलेलं घर, महारातून आलेली घरं, मांगातून आलेली घरं, सगळ्यांच्या ओठांना तोच प्याला. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. साहेबाने ज्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही, ते इथे एका प्याल्यातून पितात. मग सलोमीमावशीला स्थळ आलं. मुलगा आपल्याच मंडळीतला, शिकलेला, निर्व्यसनी. घर मूळचं मांगाचं. आजी म्हणाली, "माणसं चांगली आहेत, पण…" आणि पीठ मळत राहिली. अण्णा ओसरीवर होते. त्यांना ऐकू गेलं होतं. ते काही बोलले नाहीत. ते स्थळ राहिलं. त्या मुलाची आई पुढच्या रविवारी तोच प्याला माझ्या आईच्या आधी ओठांना लावत होती.

म्हणजे कागदावरच्या दोन शब्दांपैकी "हिंदू" खोटा होता, "महार" खरा होता. आणि "आमच्यात जात नाही" हे आम्ही तोंडाने म्हणत होतो. सरकारही तेच म्हणतं, म्हणून यादीत घेत नाही. दादाच्या खोट्याचं तू नाव घेतलंस, ते बरोबरच आहे. मला मात्र रात्री टोचत राहिलं ते आजीचं अर्धं वाक्य, आणि भाजी चिरता चिरता तुला दिलेलं माझं उत्तर.

तू काय ठरवावंस हे मी सांगणार नाही. मी पाळकीण नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. पाळकसाहेबांना विचारलंस तर ते दहा आज्ञांवरून नीट समजावतील. मला एवढंच वाटतं की मामाला "फसवणूक" हा शब्द इंग्रजीतून कळवू नकोस. तो त्याला मराठीतून चौतीस वर्षं माहीत आहे.

मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. आठ दिवसांत त्याने दारावरची पाटी बदलली. यहोशवाने फोटो पाठवला होता, तू बघितलास की नाही माहीत नाही. नवीन पाटीवर शांतवन आहे. टॉवेलात गुंडाळून नेलेली तसबीर आता त्याच्या बाहेरच्या खोलीत आहे, काचेला एका कोपऱ्यात चीर आहे, ती एसटीतली.

डिसेंबरात आपण जातोय. तुला त्याला विचारायचं असेल तर विचार, मी मध्ये बोलणार नाही. फक्त जेवणं झाल्यावर विचार. आधी विचारलंस तर तो ताटावरून उठेल, अगदी अण्णांसारखा.

तुझी
मम्मी