चोखंदळ जोडप्याला लग्नात देण्यासाठी जुन्या धाटणीची गोधडी कशी शिवावी?

मैत्रिणीच्या लग्नाला चार महिने आहेत, नवरा-नवरी दोघेही वस्तूंच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ आहेत, त्यांना ‘व्हिंटेज’ दिसणारी गोधडी द्यायची आहे, तर कापड कोणते घ्यावे, रंग त्यांना विचारावेत का आणि नवे कापड जुने कसे दिसेल, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नवे कापड जुने दिसेल असे काहीही करू नका. हा उद्योग मी स्वतः केला आहे, आणि तो मला ज्यांच्या हट्टापायी करावा लागला त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

२०१६ साली माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचे लग्न ठरले. मुलगा आणि होणारी सून दोघेही घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करणारे. साखरपुड्यात मिळालेला चहाच्या कपांचा संच त्यांनी देणाऱ्याच्या देखत ‘आमच्याकडे वापरला जाणार नाही’ म्हणून परत केला होता. अशांना काय द्यावे याचा मला घोर नव्हता, कारण सासूबाईंची पाच सुती लुगडी जाऊबाईंच्या घरी पेटीत होती आणि त्यांची वाकळ करायची हे मी मनाशी पक्के केले होते. (कराडच्या बाजूला आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात.) सहावे लुगडे माझ्याकडे शिलाई यंत्रावर झाकण म्हणून पडलेले असे, त्याचा तेव्हा कोणी हिशेबही धरला नाही. मी बेत सांगताच जाऊबाई म्हणाल्या, “लग्नाच्या घरात चिंध्या नकोत, आणि त्यातून गेलेल्या माणसाच्या तर मुळीच नकोत.” ज्यांना लोक गोधडेबुवा म्हणत त्या गाडगेबाबांची तसबीर जाऊबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी आहे, हे मी त्यांना दाखवूनही दिले, त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलाची आई त्या होत्या, म्हणून शेवटी मीच नमते घेतले.

मग मी बाजारातून छापील सुती कापड आणि अस्तरासाठी मांजरपाट (जाडेभरडे कोरे सुती कापड) आणला, आणि वरच्या कापडाला जुनेपणा यावा म्हणून ते पातेलेभर चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले. चहाचा रंग एकसारखा बसत नाही. जिथे घडी पडली तिथे कडेला तपकिरी रेघ उमटली आणि मधला भाग फिकट राहिला. घाईत मांजरपाट खळीसकट तसाच वापरला. साडेतीन महिने रोज दुपारी शिवून वाकळ पुरी केली आणि देण्याआधी एकदा धुतली, तर शंभर इंचांत तीन-चार इंच आटलेल्या अस्तराने भिजून आधीच आटलेले वरचे कापड ओढून धरले आणि सगळीकडे फुगे आले.

सुनेने ती उलगडली, सरळ बाजूकडे फारसे न पाहता उलटी केली, मागचे टाके बोटाने चाचपत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली आणि मग कोपरा नाकाशी नेऊन म्हणाली, “काकू, याला चहाचा वास येतोय का?” मी खरे ते सांगितले. त्यावर ती म्हणाली, “टाके फार सुंदर आहेत, पण कापड खोटं वाटतं. आजींची लुगडी होती ना?” मला आठ दिवस राग होता. नवव्या दिवशी ती वाकळ मी स्वतः उन्हात धरून पाहिली आणि मुलीचे म्हणणे शब्दशः खरे असल्याचे मला मान्य करावे लागले. चोखंदळ माणसाला महाग वस्तू हवी असते हा लोकांचा गैरसमज आहे. त्याला खोटे लगेच दिसते, एवढाच त्याचा दोष.

म्हणून कापड खरोखर वापरलेलेच घ्या, आणि शक्यतो ते कोणाचे होते हे जोडप्याला माहीत असलेले घ्या. जुने कापड भेट देणे हलके, असे कोणी म्हणाले तर त्यांना विचारा की बाळाला पहिली दुपटी आपण दुकानातली कोरी देतो की आजीच्या मऊ लुगड्याची. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली, सगळी वापरलेल्या कापडाच्या गोधड्यांचीच घराणी आहेत. नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर भरते आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. दुहेरी पलंगासाठी ९० बाय १०० इंचांची गोधडी धरली तर दोन पन्हे शेजारी शेजारी जोडून एका थराला पाच मीटरांहून थोडे अधिक कापड लागते, म्हणजे चार थरांना तीन लुगडी जेमतेम पुरतात; विरलेला भाग बाद होतो हे धरून चौथे हाताशी असू द्या. प्रत्येक लुगडे खिडकीसमोर धरून पाहा आणि जिथून उजेड झिरपतो तो भाग आतल्या थरात घाला, वर नको. टेरिकॉट, नायलॉन यांचा एकही तुकडा आत जाऊ देऊ नका, कारण ते सुती कापडाबरोबर बसत नाही, सरकत राहते. जरीचा काठ उसवून काढा. तो टोचतो आणि त्याच्या भोवतीचे जुने रेशीम आधी फाटते.

लाल, जांभळ्या आणि गडद हिरव्या कापडावर ओला पांढरा रुमाल चोळून रंग जातो का ते पाहा. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो, असे घरोघर सांगतात. आजच्या रंगांच्या बाबतीत त्याचा भरवसा धरू नका. रंग सोडणारे लुगडे कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवा.

शिवण्याबद्दल फार सांगत नाही, धावदोरा आपल्याला येत असेलच. थर जमिनीवर पसरून कडांना पाटा-वरवंट्यासारखे वजन ठेवा, हात फिरवून सुरकुती काढा आणि लांब टाक्यांनी सगळीकडे टाचून घ्या. ही पायरी चुकली तर पुढचे सगळे चुकते. आमच्याकडे कडेपासून आत चौकोनात चौकोन असे शिवत जातात. कर्नाटकातल्या सिद्दी जमातीच्या बायकांच्या कवंदी नावाच्या गोधडीतही असेच कडेकडून मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांना घडीची ‘फुले’ लावतात. कोपऱ्यांसाठी ती युक्ती मी पुढे उचलली. आता हिशेब. टाक्यांच्या ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले तर या मापाच्या गोधडीत दोऱ्याची वाट साडेचारशे मीटरांहून लांब होते. शंभर इंचांच्या ओळीला अर्धा तास धरला तर ९० तास झाले, म्हणजे रोज एक तास बसून तीन महिने. आपल्याकडे चार आहेत, तेव्हा आजच लुगडी मागायला निघा. यंत्रावर शिवण्याचा मोह होईल. यंत्राची गोधडी टिकते, पण पाठीला पुठ्ठ्यासारखी लागते आणि आपले चोखंदळ जोडपे ती उलटी करून पाहणारच आहे.

रंग त्यांना विचारू नका. पलंगाचे माप विचारा आणि अस्तर पांढरे हवे की गडद एवढेच विचारा. नमुने दाखवत बसलात तर ते वीस छायाचित्रे पाठवतील आणि गोधडी तुमची उरणार नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. धुळीने शिंका येणाऱ्या माणसाला पेटीतले कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय देऊ नका. गोधडी ओली झाली की उचलवत नाही, म्हणून कशी धुवायची हे चिठ्ठीवर लिहून द्या. आणि लुगडी गेलेल्या माणसाची असतील तर त्या घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या. मीही हेच सांगते, जाऊबाईंवर कितीही राग असला तरी, कारण कोणाच्या मनात खरीच भीती असेल तर ती तुमच्या टाक्यांनी जाणार नाही.

सुनेने विचारल्यावर मी जाऊबाईंकडे गेले, तेव्हा पेटी रिकामी होती. पाचही लुगडी त्यांनी बोहारणीला देऊन स्टीलचा एक डबा घेतला होता. ती इरकली होती की साधी, हेही त्यांना आठवत नव्हते. मग यंत्रावरचे लुगडे मी काढले. त्यात दोन थरांचे एकेरी पांघरूण तेवढे झाले, तेही मध्ये तेलाच्या डागावर ठिगळ लावून. पुण्यात ते दोघे उन्हाळ्यात त्यावरून भांडतात असे ऐकते. डबा जाऊबाईंच्या फळीवर अजून आहे. त्यात त्या शेंगदाणे ठेवतात, आणि त्याचे झाकण पहिल्या दिवसापासून नीट लागत नाही.