रात्री दोन वाजता उठायचं कोणी?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कराराचा मसुदा दोनदा वाचला. प्रयोगशाळेत घडवलेलं, हवामानाचा अंदाज काढणारं मॉडेल कंपनीच्या संगणकांवर बसवायचं आणि तिथून राष्ट्रीय हवामान केंद्राच्या रोजच्या अंदाजात आणायचं, ही कल्पना मला मनापासून आवडली. बौद्धिक संपदेवर चार पानं खर्ची घातली आहेस. पण रात्री दोन वाजता मॉडेल बंद पडलं तर उठायचं कोणी, याची एक ओळ मला त्यात सापडली नाही.

उमेदीच्या काळात आम्ही रडारच्या नोंदींवरून पुढच्या तीन तासांचा पाऊस सांगणारी पद्धत तयार केली होती. शोधनिबंधातले निकाल फार चांगले होते, पण ते साफसूफ केलेल्या जुन्या नोंदींवर काढलेले. प्रत्यक्ष वापरात एका रडारची माहिती वीस मिनिटं उशिरा येऊ लागली आणि आमचा प्रोग्रॅम तिची वाट पाहत थांबून राहिला. वादळ डोक्यावर आलेलं आणि अंदाजकारासमोर कोरा पडदा. सोबतच्या कंपनीची जबाबदारी हस्तांतराच्या दिवशीच संपली होती, आमचं अनुदानही संपलं होतं. पद्धत दुरुस्त करणं अवघड नव्हतं, पण ते काम आता कोणाचंच राहिलं नव्हतं. पुढच्या मोसमात ती बंद झाली. याची खंत मला अजून आहे.

संशोधन आणि रोजचा वापर यांच्यामधल्या या जागेला अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० सालच्या अहवालात ‘मृत्यूची दरी’ म्हटलं होतं. शब्द कठोर आहे, तरी मला तो पटतो. चांगल्या कल्पनेलाही ही दरी ओलांडायला वर्षं लागतात. निरीक्षणं काळाच्या ओघासह मॉडेलमध्ये सामावून घेणारी चार-मितीय पद्धत ऐंशीच्या दशकात मांडली गेली. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या रोजच्या कामात ती आली १९९७ च्या नोव्हेंबरात. म्हणून मसुद्यातली अठरा महिन्यांची मुदत मला भाबडी वाटते.

कंपन्यांबरोबर काम कसं करावं, याचं माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण जीपीएस संकेतांचं आहे. वातावरणातून जाताना हे संकेत किंचित वाकतात आणि त्या वाकण्यावरून तापमान व आर्द्रता काढता येते. ही माहिती खासगी छोट्या उपग्रहांकडून विकत घ्यावी का, हे ठरवायला अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व महासागर संस्थेने २०१६ मध्ये चाचणी सुरू केली. पहिल्या फेरीतून रोजच्या वापराइतकी भक्कम माहिती हाती आली नाही. त्यांनी दार लावून घेतलं नाही आणि घाईने मोठी खरेदीही केली नाही. दुसरी फेरी घेतली, दर्जा तपासला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात नियमित खरेदीचे पहिले करार केले. अपयशी फेरीनंतरही दोन्ही बाजू टेबलाशी बसून राहतील, अशी सोय तुझ्या करारात हवी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांबद्दल तू उत्साहाने लिहिलं आहेस. तो उत्साह रास्त आहे. फक्त हे ध्यानात ठेव की हुआवेचं पांगू असो की डीपमाइंडचं ग्राफकास्ट, दोन्ही शिकली ती युरोपीय केंद्राने सार्वजनिक पैशातून उभ्या केलेल्या ‘एरा-५’ या जुन्या हवामानाच्या नोंदसंचावर. त्या केंद्राने कंपन्यांची मॉडेलं आपल्या यंत्रणेशेजारी रोज चालवून पाहिली आणि त्यांचे नकाशे सर्वांसाठी खुले ठेवले. ‘एआयएफएस’ हे स्वतःचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल मात्र २०२५ च्या फेब्रुवारीतच नियमित सेवेत घेतलं. तुझ्याकडेही जुनं आणि नवं मॉडेल असं शेजारी-शेजारी निदान एक पूर्ण वर्ष चालू दे. सगळे ऋतू त्यातून जायला हवेत. आणि पडताळणी विकणाऱ्याच्या हाती देऊ नकोस.

परवान्याचं कलम वकिलाबरोबर पुन्हा बघ: विकत घेतलेली माहिती इतर देशांच्या हवामान संस्थांना देता येणार का? हवामानाला सीमा नसते, आणि ज्याला शेजारची माहिती मिळत नाही त्याचा अंदाज बिघडतो. धोक्याचा इशारा मात्र अधिकृत संस्थेनेच द्यायचा, यावर तडजोड नको. पुरात अडकलेल्या माणसाने दोन वेगवेगळे इशारे ऐकून गोंधळायचं, असं होता कामा नये.

आता एवढं कर. मसुदा बाजूला ठेव आणि केंद्रातल्या अंदाजकारांबरोबर चार रात्रपाळ्या कर. कोणता पडदा ते आधी उघडतात, कशावर त्यांचा विश्वास नाही, माहिती उशिरा आली की ते काय करतात, हे टिपून घे. मग तिसऱ्या वर्षाच्या देखभालीचा खर्च कोण उचलणार, ते कलम स्वतःच्या हाताने लिही आणि मला पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
सर